दोन पळ्या तूप

बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी दुसऱ्या बाईच्या परातीत, तिला न विचारता, दोन पळ्या साजूक तूप ओतलं आणि वर हातानं छान कालवून ठेवलं. चोराला निदान आपण चोरी करतोय एवढं तरी ठाऊक असतं. मला वाटत होतं, मी पुण्य करतेय. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते, म्हणजे वय लहान होतं असं म्हणायचीही सोय नाही. परवा नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू किती क्रिंज होतीस गं." शब्दाचा अर्थ मी विचारला नाही. सुरावरून कळला.

ज्या बाईची ती परात, ती आमची घरमालकीण.

आमच्या ह्यांची बँकेतून पनवेलला बदली झाली तेव्हा जुन्या पनवेलात, इस्रायल तलावापासून पाच मिनिटांवर, एका घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. खाली मालक आणि मालकीण. मालक शाळेत भूगोल शिकवायचे. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. त्यांचे वाडवडील घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसायचे, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं की भाडं परवडणारं आहे आणि नळाला पाणी येतं.

पहिल्यांदा खोल्या बघायला गेले तेव्हा दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची एक तिरपी डबी ठोकलेली दिसली. मला वाटलं बेल. मी ती दाबली. आत काही वाजलं नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा अंगठ्यानं जोर लावून दाबली तेव्हा दार उघडलं आणि समोर एक ठेंगणीशी, गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची बाई उभी. मला वाटलं, मालकांनी नेपाळी कामवाली ठेवलीय. मी माझ्या मिरजेच्या हिंदीत विचारलं, "मालकीण घर में है क्या?"

ती म्हणाली, "मीच मालकीन. आनि ती घंटी नाय बाय. तिच्यान देवाचं लिवलेलं हाय. बोटं लावाची न् बोटांचा मुका घ्याचा. दाबून देव काय खाली येत नाय."

चेहरा मिझोरमचा आणि भाषा उरणच्या मासळीवालीची. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले. ती म्हणाली, "या ना आत, माशी जाईल तोंडान."

ती जन्मानं खरोखरच मिझोरमची. तिकडच्या डोंगरात काही माणसं स्वतःला ज्यू मानतात, शनिवार पाळतात. तिचे वडील त्यांतले. ती विशीत असताना शिवणकाम आणि धर्माचं शिक्षण घ्यायला मुंबईला आली, तिथं तिला रीतसर धर्मात घेतलं, कागद दिला. सणाच्या प्रार्थनेला पनवेलहून आमचे भूगोलाचे सर गेले होते, त्यांनी तिला गाताना ऐकलं. तेव्हा हिला मराठी येत नव्हतं, हिंदी दुकानापुरतं. सरांना मिझो यायचा प्रश्नच नव्हता. दोघांना एकत्र येत होत्या त्या फक्त हिब्रू प्रार्थना, त्याही पाठ केलेल्या. तेवढ्या भांडवलावर त्यांनी लग्न केलं.

"मग पहिलं वर्षभर बोलत काय होतात?" मी एकदा विचारलं.

"भांडन झालं का मी आमेन बोलाची," ती म्हणाली. "आमेन म्हंजे संपलं. मग जेवाचं."

"आणि सर?"

"ते मंगलवारी पन शब्बाथ शालोम बोलाचे, शनवारचा रामराम. म्हंजे माजी चूक झाली."

सरांनी तिला मराठी शिकवायचं ठरवलं होतं, वह्यासुद्धा आणल्या होत्या. पण सर शाळेत, आणि ही रोज सकाळी मासळी बाजारात. तिथं मासळीवाल्यांच्या ओळीत ती तासभर उकिडवी बसायची. वह्या कोऱ्या राहिल्या आणि भाषा टोपलीतून घरी आली. सर स्वतः असं मराठी बोलायचे की पाणी मागितलं तरी निबंध वाटावा. बायकोला ते 'आपण' म्हणत. ती त्यांना 'सर' म्हणे, कारण शाळेतली पोरं त्यांना तेच म्हणत आणि तिला वाटलं होतं ते त्यांचं नाव आहे. रोज संध्याकाळी वर आम्हाला ऐकू येई:

"'हाय' नव्हे. 'आहे' म्हणा."

"हाय."

"आहे."

"सर, हायच ते. तुमी कसं पन बोला, हाय ते हायच."

"आमेन," सर म्हणायचे.

बाजारात ती प्रसिद्ध होती. मासा घ्यायच्या आधी अंगठ्याच्या नखानं खवलं उचलून बघायची. ज्याला खवलं नाही तो मासा तिच्या धर्मात चालत नाही. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत. कोळणींना ह्याचा भारी अचंबा. "अगो, कोलंबी नाय खात तं पनवेलान आलीस कनाला? खवल्यांची भाजी करतेस का काय?" त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं, शनवारची नेपालीन. ती चिडायची. "नेपालची नाय मी. पनवेलची हाय." मग एखादी कोळीण मुद्दाम म्हणायची, "मंग पनवेलच्या बायकोला जिताडा दे गो, खवल्यावाला, पावसेर खवली जास्ती घाल." आणि ही सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

आम्ही शाकाहारी. खाली मासे-मटण शिजलं की मी नाकाला पदर लावून गॅलरीत उभी राहायचे, सर्वांना दिसेल अशी. मात्र एकदा असा वास आला की मी घरात उंदीर मेलाय म्हणून ह्यांच्याकडून कपाटं हलवून घेतली. दोन कपाटं, एक पलंग. वास खालून येत होता. तिच्या आईनं पाठवलेले आंबवलेले बांबूचे कोंब तिनं शिजवायला टाकले होते. सर पानावर बसून ते खात होते, डोळ्यांतून पाणी, आणि म्हणत होते, "वेगळी चव आहे. निराळ्या अक्षांशावरची आहे."

आता शुक्रवारचं सांगते, म्हणजे माझी अक्कल किती होती ते कळेल. शुक्रवारी सूर्य मावळला की ह्यांचा शब्बाथ सुरू. मग शनिवारी अंधार पडेपर्यंत विस्तव नाही, दिव्याचं बटण नाही. लावलेला दिवा लावलेलाच राहतो. आम्हाला राहायला येऊन चार दिवस झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी खालच्या पुढच्या खोलीत कोणी नाही आणि दिवा जळतोय, असं मला दिसलं. बटण जिन्याशीच होतं. मी काटकसरी घरातली. पट्कन बंद केलं.

पाच मिनिटांनी ती जिन्याशी आली. "वैनी, लय कालोख झालाय."

"हो ना," मी वरून म्हटलं. "दिवस लहान झालेत."

जरा वेळानं पुन्हा. "वैनी, सर ठेचकाललं."

"जपून म्हणावं."

शेवटी सर स्वतः आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाले, "वहिनी, वातावरणात प्रकाशाची उणीव जाणवते."

मी म्हटलं, "दिवा लावा की!"

दोघं निमूट आत गेली. दिवा लाव असं त्यांना दुसऱ्याला सांगताही येत नाही, नुसतं सुचवता येतं, हे मला रविवारी कळलं. चोवीस तास त्यांनी समईवजा तेलाच्या दिव्यात आणि दिवसाच्या उजेडात काढले. मी माफी मागायला गेले तर ती म्हणाली, "बरं झालं. सरांच्या शर्टाला भोक हाय ते दिसलं नाय मना."

हे सगळं गमतीचं. पण त्या घरात एक गोष्ट गमतीची नव्हती. सरांची आत्या.

सरांची आई लवकर गेली. आत्यानं त्यांना वाढवलं. स्वतः सरकारी दवाखान्यात नर्स, पुढे मेट्रन, ताठ कण्याची बाई. मुलगा इस्रायलला गेला तरी ही गेली नाही, भाच्यासाठी राहिली. भाच्यानं मिझोरमची मुलगी केली तेव्हा आत्या लग्नाला आली नाही आणि त्या दिवसापासून सहा वर्षं, ह्याच गावात राहून, ह्या घराचा उंबरा चढली नाही. तिचं म्हणणं सरळ होतं. आपली सात जोडपी कोकणच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आली, तेव्हापासून कोण कोणाचं ते आपल्याला माहीत आहे. ही कालपरवा धर्मात आलेली. कागद काय, कागद रेशनचासुद्धा मिळतो.

हे मालकिणीच्या कानावर येई. तिनं एकदाच उत्तर दिलं, तेही मला, तांदूळ निवडताना. "ती लोकं पान्यातून आली. आमची डोंगरातून आली. निघालेली तं एकाच घरातून ना, वैनी? वाटंत आमाला जास्ती चढ लागला."

दर शुक्रवारी दुपारी ती आत्याकडे डबा पाठवायची, सरांच्या हाती. डबा तसाच परत यायचा. धुतलेलाही नाही, कारण उघडलेलाच नसायचा. सर जाताना सायकलवरून जात आणि येताना सायकल हातात धरून चालत येत. सहा वर्षांचे शुक्रवार मोजायला मला बसवत नाही.

मग आत्याच्या मुलाचा निरोप आला की आई, आता ये. तिचं वय झालं होतं. कागदपत्रं झाली, तिकीट आलं. ती कायमची जाणार होती, आणि गेली की पुन्हा पनवेल नाही. सर त्या आठवड्यात दोनदा वर्गाचा चुकीचा धडा शिकवून आले. शेवटी ते आत्याकडे गेले आणि म्हणाले, जाण्यापूर्वी आपल्या प्रवासासाठी मलिदा आमच्या घरी करू.

मलिदा म्हणजे पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. वर पाच तऱ्हेची फळं. बेने इस्रायलांकडे प्रवासाला निघताना, नवस फिटला की, एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावानं तो करतात. दहा पुरुष लागतात, प्रार्थना होते, गाणी होतात, मग तो सगळ्यांना वाटतात आणि वर मटणाचं जेवण. ह्यांच्यावाचून जगातले दुसरे ज्यू तो करत नाहीत म्हणे. म्हणजे मिझोरमच्या बाईला तो जन्मात माहीत नव्हता.

आत्या हो म्हणाली. पण अट घातली. "मलिदा तिच्या हातचा पाहिजे. तू नाही, शेजारीण नाही, मुंबईहून कोणी बोलावलेली बाई नाही. तिचा तिनं करावा. नीट असला तर मी जेवेन. नसला तर आल्या पावली जाईन."

मालकीण दोन महिने शिकत होती. दर गुरुवारी एक परात. एकदा पोह्यांचा लगदा, एकदा नुसता चघळावा असा. खायला आम्ही. मी पानावर बसून परीक्षकासारखी मान हलवायचे. माझं एकच मत होतं, ते मी दोनदा दिलं. "ह्यात तूप पाहिजे. तुपाशिवाय प्रसाद घशात अडकतो."

"तूप नाय चालत, वैनी."

का नाही चालत, हे मी विचारलं नाही. मनातल्या मनात उत्तर काढून मोकळी झाले. बिचारी डोंगरात वाढलेली, तुपाची सवय नाही, किंवा परवडत नसेल आणि सांगायला लाजत असेल. माझ्या हातच्या तुपाचं माहेरी-सासरी नाव होतं. कोणाच्याही वरणात, शिऱ्यात, जखमेवर, रुसव्यावर, मी तूप घालायचे. मला खरोखर वाटायचं की माणसांचं निम्मं दुःख कोरडेपणाचं असतं.

तो रविवार. पाहुणे अकराला यायचे होते. साडेनऊला मी आमच्या दोन खुर्च्या खाली द्यायला गेले. सर पुढच्या खोलीत चादरी अंथरत होते. मालकीण न्हाणीघरात होती. स्वयंपाकघरात पांढऱ्या फडक्याखाली परात. मी फडकं उचललं. मलिदा सुंदर झाला होता, मोकळा, पण मला कोरडा दिसला. मी वर पळाले. तुपाची बरणी, पळी. तूप पातळ केलं, खाली आले, दोन पळ्या ओतल्या, कोपरापर्यंत बांगड्या सारून कालवलं, फडकं पुन्हा नीट घातलं. कोणी पाहिलं नाही ह्याचा मला आनंदच झाला. गुप्तदान.

ती न्हाऊन, लाल काठाची साडी नेसून आली आणि फडकं काढताच थांबली. मी दाराशीच रेंगाळत होते, तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघायला.

"वैनी, ह्याच्यान तूप हाय?"

"आहे!" मी म्हटलं. "घरचं. आता खा आणि सांग."

ती खाली बसली. पाटावर नाही, तिथंच जमिनीवर, नवी साडी नेसून.

"मटान शिजवलंय," ती म्हणाली. "आमच्याकडं जनावराचं मटान न् जनावराचं दूद, लोनी, तूप एका जेवनान नाय. कवाच नाय. म्हनून नाय घालत."

मला समजायला एक क्षण लागला आणि मग एकदम सगळंच समजलं. अटही आठवली. हात माझा लागला होता.

आणि इथं मी आणखी शोभा केली. म्हटलं, "अगं, कोणाला कळणार आहे? वेलची जास्त घाल. वासच येणार नाही. एवढ्याशा तुपानं काय होतंय!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माणूस गाव चुकलेल्याकडे पाहतो तसं. "आत्याला नाय कलनार," ती म्हणाली. "पन वैनी, ज्याच्या नावानं केलाय त्याला ठावं पडलं ना. तो काय नाक धरून जेवंल?"

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. आत्या तासभर आधी आली होती. मेट्रन लोकांची ही सवय असते, सांगितलेल्या वेळी येत नाहीत, वॉर्ड तपासायला येतात.

ती दारात उभी राहिली, चौकटीवरच्या डबीला बोटं लावून ओठांना लावली, आणि चप्पल काढायला वाकणार तोच मालकीण तिच्या समोर गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी हाताच्या अंतरावर आल्या होत्या.

"आत्या, आत येन्याच्या आधी सांगते. मलिद्यान तूप गेलंय."

सरांच्या हातातली चादर हातातच राहिली.

आत्यानं शांतपणे विचारलं, "मटण केलंयस ना?"

"हो."

"मग तूप कोणी घातलं?"

"माज्या घरान गेलंय. म्हंजे मीच."

मी स्वयंपाकघराच्या दाराआड. मनगटापर्यंत तूप. खरं सांगते, मी बाहेर आले नाही. मी विचार करत होते की आता मी बोलले तर आणखी घोळ होईल, ही त्यांची घरची बाब आहे, आपण परक्या. भित्र्या माणसाला कारणं फार सभ्य सुचतात.

आत्या म्हणाली, "मी सांगितलं होतं. मग मी येते." तिनं पाय चपलेत सरकवला.

सर म्हणाले, "आत्या, कृपया आपण..." आणि त्यांचं पुढचं वाक्य आलंच नाही. मी त्यांना आयुष्यात कधी अर्धं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. ते तसे उभे राहिले, बावन्न वर्षांचे, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी एकटं सोडलेल्या मुलासारखे दिसले. ते पाहून मी बाहेर आले. धाडसानं नाही. तिथं उभं राहवेना म्हणून.

"मी घातलं," मी म्हटलं. "दोन पळ्या."

आत्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हातावरचं तूप कोपराकडे ओघळत होतं. "तुम्ही कोण?"

"वरची."

"वरची म्हणजे?"

"भाडेकरू."

"हिनं सांगितलं घालायला?"

"नाही. हिनं दोनदा नको म्हटलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

आत्याला बहुधा ते नवीन नसावं. ती मालकिणीकडे वळली. "हिचं नाव का नाही घेतलंस?"

"ती चांगल्या मनान आलेली," मालकीण म्हणाली. "घर माजं, परात माजी. ध्यान माजं पायजे व्हतं."

रिक्षावाला बाहेर विचारत होता, थांबू का जाऊ. आत्यानं मागे न बघता हातानं त्याला जा म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "नारळ आहे?"

"एक हाय. दोन लागतील."

"माझ्याकडे आहेत!" मी ओरडले.

"नुसते आणा," आत्या म्हणाली. "अख्खे. फोडू नका, किसू नका, आणि आत येऊ नका."

मी नारळ उंबऱ्यावर ठेवले, सरांनी आत दिले आणि सरांनाही बाहेर काढण्यात आलं. आत्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसली. मालकिणीनं पदर खोचला, दुसरी परात घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पोहे धुतले, निथळले. नारळ फोडून त्याचं पाणी चाखलं. विळीवर बसून खोवायला लागली. मनुका एकेक उघडून बघितली, आत किडा नाही ना. दहा पुरुष येऊन बाहेर बसले, त्यांतल्या तिघांना भूक लागली, एकानं शेअर बाजाराचं काढलं. आत विळीचा आवाज तेवढा. मी जिन्यावर बसून दाराच्या फटीतून बघत होते. आत्या एक शब्द बोलली नाही. फक्त एकदा तिच्याच्यानं राहवलं नाही. "गूळ ठेचू नको गो, किसून घे." लगेच तिनं तोंडावर पदर धरला, कारण कोणी मदत करायची नाही ही अट तिचीच होती. मालकिणीनं वर पाहिलं नाही. पण गूळ किसून घेतला.

प्रार्थना झाली. गाणी झाली. एरवी ती 'हाय' म्हणते आणि सर 'आहे' म्हणतात. गाताना दोघांची अक्षरं एकसारखी येत होती, एकाच घरात शिकल्यासारखी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी जिन्यावरून उठले नाही. मग आत्यानं मलिद्याचा पहिला घास घेतला. चावला. गिळला. मान हलवली नाही. पण नंतर मटणाच्या पंगतीत ती बसली आणि दोनदा भात मागितला. निघताना एक डबा भरून घेतला, तिच्या स्वतःच्या पिशवीत ठेवला.

तूप घातलेली परात आमच्याकडे आली. आम्ही तीन दिवस खाल्ली. फार उत्तम लागत होती. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

सर आता निवृत्त आहेत. ते घर पडून तिथं इमारत उभी राहिली, ती दोघं नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी मुलाकडे करंजाड्याला. ती अधूनमधून फोन करते आणि मी उचलला की आधी म्हणते, "वैनी, जिती हायस ना?" अहोजाहो कधी गेलं ते दोघींनाही आठवत नाही. सर मागून म्हणतात, "'आहेस' म्हणा."

मलिद्यानंतर चार दिवसांनी मी आत्याच्या घरी गेले होते, माफी मागायला. ती उघड्या बॅगेसमोर बसून आमसुलं आणि मसाल्याच्या पुड्या जुन्या साड्यांमध्ये गुंडाळत होती. मी तयार करून नेलेली वाक्यं बोलायला लागले. तिनं दोन ऐकली, तिसऱ्याला हात वर केला. एक साडी माझ्या हातात दिली, दुसरं टोक स्वतः धरलं, आणि आम्ही दोघी घडी घालत असताना म्हणाली:

"मी त्या दिवशी चूक काढायलाच आले होते, बाई. तिनं ती दारातच माझ्या हातात दिली. मग मी काय काढणार होते?"